अर्थ लागणे

यंत्र बिघडते तेव्हा ते बहुधा काहीतरी बोलते. पंखा कुरकुरतो, पंप धापा टाकतो, रेडिओ खरखरतो. आणि या कुरकुरीतूनच दुरुस्ती करणाऱ्याला पुढची वाट सापडत जाते. रोग्याने ‘येथे दुखते’ म्हणून बोट ठेवावे, तसेच ते असते. काही यंत्रे मात्र बिघडताना एकदम मुकी होतात. दिवा लागत नाही, जळका वास येत नाही, हाताला ऊब लागत नाही. अशा मौनापुढे माणूस दोन प्रकारे वागतो. एक तर यंत्र मेले असे जाहीर करून तो मोकळा होतो; नाहीतर त्याच्यासमोर बसून एकामागून एक प्रश्न विचारू लागतो. पहिला मार्ग सोपा आहे. दुसऱ्याला वेळ लागतो, आणि त्या मार्गाने जाणाऱ्याला शेवटी काय सापडेल याचा भरवसा नसतो. कधी कधी जे सापडते ते न सापडते तर बरे, असेही वाटण्याची वेळ येते.

पुण्याच्या नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. त्यांतल्याच एका बोळात साताठ फूट रुंदीचे एक दुकान आहे. पुढे लाकडी फळ्यांचे टेबल, त्यावर मीटर, डाख देण्याची इस्त्री, राळेची डबी आणि भिंतीवर तारांची भेंडोळी. येथे मोटारींतील रेडिओ, स्पीकर आणि ॲम्प्लिफायर बसवले जातात व दुरुस्तही होतात. दुकानाचे मालक सत्तरीकडे झुकलेले आहेत. येणारा प्रत्येकजण त्यांना काका म्हणतो. नावाची गरज कोणाला पडत नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओवर त्यांचा हात बसला. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि काही वर्षांत मोटार ही मध्यमवर्गाच्या आवाक्यातली वस्तू झाली, तेव्हा काकाही घरातल्या रेडिओकडून मोटारीतल्या कॅसेट प्लेअरकडे वळले. पुढे कॅसेट गेली, तबकडी आली, तीही गेली. गाणे कोठून येते ते बदलत राहिले. ते मोठे करणारी पेटी मात्र टिकून राहिली.

२०२२ सालच्या श्रावणात, भर पावसात, एक तरुण चालक अशीच एक पेटी कापडी पिशवीत घालून घेऊन आला. पर्यटकांना घेऊन पुणे-कोल्हापूर वाटेवर त्याच्या फेऱ्या होत. परतताना गाडी रिकामी असे, रात्र झालेली असे, आणि खंबाटकीचा घाट उतरताना झोप डोळ्यांवर येई. त्या वेळी मोठ्या आवाजातले गाणे ही त्याची चैन नव्हती, गरज होती. आठ दिवसांपूर्वी पेटी अचानक बंद पडली. एका दुकानात गाडी दाखवली. तेथल्या माणसाने डिकी उघडली, मीटर लावले, सर्व तारांत वीज येत असल्याचे दाखवले आणि ‘बोर्ड गेला, नवीन घ्या’ असा निकाल दिला. नव्याची किंमत ऐकून हा बाहेर पडला होता.

‘‘काका, बघा काही होतंय का. नाही झालं तर सांगा, तसाच फिरीन,’’ तो म्हणाला.

मोटारीतील ॲम्प्लिफायर म्हणजे बाहेरून पाहता कंगोरे असलेली ॲल्युमिनियमची पेटी. तिला जागे करण्यास तीन तारा लागतात. जाड लाल तार थेट बॅटरीपासून येते आणि तिच्या वाटेवर, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत, एक फ्यूज असावा लागतो. कारण ही तार कोठे घासून पत्र्याला टेकली तर तो फ्यूजच गाडीला आगीपासून वाचवतो. दुसरी निळी तार बारीक असते. पुढचा रेडिओ सुरू झाला की तो या तारेतून पेटीला ‘ऊठ’ असा निरोप धाडतो. तिसरी काळी तार डिकीच्या पत्र्याला आवळलेली असते. बॅटरीचे ऋण टोकही गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेले असल्यामुळे आलेली वीज त्या पत्र्यातून परत घरी जाते. पेटीच्या पोटात दोन संसार आहेत. एक बॅटरीच्या १२ व्होल्टचे रूपांतर अधिक आणि उणे अशा २५-३० व्होल्टमध्ये करतो. दुसरा त्या बळावर आवाज वाढवतो. पहिल्या संसाराचा कारभार बहुधा सोळा पायांची एक चिमुकली चिप पाहते. तिच्या तालावर ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. ती चिप जागी झाली नाही तर पुढचे सारे निद्रिस्त राहते.

म्हणून मुक्या पेटीला विचारायच्या प्रश्नांचा एक क्रम ठरलेला आहे. फ्यूज शाबूत आहे का? लाल तारेवर वीज आहे का? निळीवर निरोप येतो का? काळी घट्ट आहे का? चारही उत्तरे होकारार्थी आली, तरच स्क्रू काढून आत पाहायचे. काकांच्या हाताखालचा मुलगा हा क्रम पाढ्यांसारखा म्हणू शकत होता. पण पेटी गाडीपासून सुटून आली होती. तेव्हा पहिली परीक्षा टेबलावरच घ्यावी लागणार होती.

टेबलावर वीज देताना काका ती सरळ देत नाहीत. मोटारीच्या पुढच्या दिव्याचा ५५ वॅटचा एक बल्ब ते लाल तारेच्या वाटेवर बसवतात. पेटीच्या आत कोठे ट्रान्झिस्टर जळून आरपार झाला असेल, तर सारी वीज त्या बल्बमधून धावते, बल्ब लख्ख पेटतो आणि तसाच राहतो. आणखी काही जळत नाही. पेटी निरोगी असेल तर आतले कपॅसिटर भरेपर्यंत बल्ब चमकतो आणि लगेच मंदावतो. बाजारात यासाठी महागडी साधने मिळतात. काकांचे साधन भंगारातल्या गाडीचे आहे.

मुलाने तारा जोडल्या. निळ्या तारेला वीज दाखवली. बल्ब एकदा चमकला, विझत गेला, आणि पेटीच्या कडेला हिरवा ठिपका उजळला.

चालक हसला. ‘‘चालू झाला की! द्या काका, लावतो नेऊन.’’

येथे बहुतेक दुकानांतला व्यवहार संपला असता. ज्या पेटीला मृत ठरवले होते ती जिवंत निघाली. गिऱ्हाईक खूश, दुकानदाराचा मान राहिला. काका मात्र त्या हिरव्या ठिपक्याकडे पाहत राहिले. गाडीतही वीज होती आणि पेटी झोपलेली होती. टेबलावर तीच वीज, आणि पेटी जागी होती. या दोन विधानांचा मेळ बसत नव्हता. पहिल्या दुकानातला माणूस खोटे बोलला असेल असे मानून हा पेच सोडवता आला असता. पण काकांच्या अनुभवात लबाडीपेक्षा घाईने अधिक यंत्रे मारली होती.

त्यांनी पेटी उलटी केली, तळाचा पत्रा काढला आणि भिंग डोळ्यांशी नेले. बराच वेळ काही दिसले नाही. मग आवाजाच्या तारा जेथे आत येतात तेथे, तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर काळा पडलेला आढळला. त्यावरचे रंगांचे पट्टे जळून एकरूप झाले होते.

हा रेझिस्टर पेटीतल्या दोन संसारांच्या काळ्या बाजू एकमेकींना अलगद जोडून ठेवतो. त्याच्यातून एरवी नाममात्र वीज जाते. तो जळला याचा अर्थ एकच होता. परत जाणाऱ्या विजेला तिची हक्काची जाड वाट मिळाली नव्हती, म्हणून ती रेडिओकडून येणाऱ्या आवाजाच्या नाजूक तारांच्या वेष्टनातून परतण्याचा प्रयत्न करत होती. मोठ्या रस्त्याचा पूल खचावा आणि सारी वाहने शेताच्या बांधावरून जाऊ लागावीत, तसे ते होते. काही काळ बांध टिकतो. मग तोही जातो, आणि सर्वत्र शांतता पसरते. ही पेटी मुकी झाली ती अशी. दोष तिच्यात नव्हता; दोषाची खूण तेवढी तिच्या अंगावर उरली होती.

‘‘बोर्ड गेलेला नाही,’’ काका म्हणाले, ‘‘पण गाडी बघितल्याशिवाय हा परत बसवायचा नाही. उद्या गाडी घेऊन ये.’’

विजेची कामे करणारे परतीच्या तारेला ‘अर्थ’ म्हणतात. इंग्रजी शब्दाने मराठीत येऊन आपल्याच एका जुन्या, भारदस्त शब्दाचे रूप घेतले आहे. मोटारीच्या बाबतीत तर हा ‘अर्थ’ जमिनीचाही नव्हे. रबरी चाकांवर उभ्या असलेल्या गाडीचा मातीशी विद्युतसंबंध नसतो. तिचा सांगाडा हीच तिची धरणी. तरीही कारागीर ‘अर्थ लागला नाही’ असे म्हणतो, तेव्हा भाषेचा हा योगायोग कानाला सुखावतो. जे आले त्याला परत जाण्याची वाट नसेल तर त्याचा अर्थ लागत नाही, हे तारेइतकेच वाक्यालाही लागू आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. काकांच्या सांगण्यावरून मुलगा डिकीत शिरला. लाल तारेवर एक टोक, काळ्या तारेवर दुसरे. मीटरने १२.६ दाखवले. इंजिन बंद असताना भरलेल्या बॅटरीचा हाच आकडा असतो. ‘‘अर्थ चांगला आहे, काका,’’ मुलगा म्हणाला.

काकांनी कालचा बल्ब त्याच्या हाती दिला. ‘‘आता याला त्या दोन तारांवर जोड, आणि मग बघ.’’

बल्ब पेटला नाही. आणि मीटरवरचा १२.६ हा आकडा कोसळून एक व्होल्टच्याही खाली आला.

मुलगा चकित झाला, पण यात चमत्कार नव्हता. मीटर हे अत्यंत संकोची पाहुणे आहे. विजेचे मोजमाप करताना ते तिच्यातले जवळजवळ काहीच घेत नाही. गंजलेला, खिळखिळा सांधाही ते मागते तेवढे सहज देऊ शकतो, म्हणून त्याला सारे आलबेल दिसते. बल्ब मात्र चार-साडेचार अँपिअर मागतो. जर्मनीतील कोलोन येथे शाळेत शिकवणाऱ्या गेओर्ग ओहम या शिक्षकाने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडलेला नियम आज प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो: रोध तोच असला तरी विद्युतधारा वाढली की त्या रोधावर खर्ची पडणारे विभवांतर वाढते. काहीच मागितले नाही तर काहीच खर्ची पडत नाही. वाईट सांधा आणि चांगला सांधा यांतील फरक ओझे पडेपर्यंत कळत नाही, एवढेच त्या नियमाचे येथे सांगणे. पहिल्या दुकानातल्या माणसाचे तर्कशास्त्र निर्दोष होते. फक्त त्याने सांध्याला असा प्रश्न विचारला होता, ज्याचे उत्तर कोणताही सांधा ‘हो’ असेच देईल.

काकांनी मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला एका लांब तारेने जोडले आणि दुसरे पेटीच्या काळ्या तारेला लावले. बल्ब जोडलेला असताना येथे एका व्होल्टचा दहावा-पाचवा भाग दिसावा. मीटर जवळजवळ १२ दाखवत होते. सारी वीज त्या एका सांध्यावर अडून राहिली होती.

डिकीतले जाजम उचलले. काळी तार एका कोपऱ्यात पत्र्याला स्क्रूने आवळलेली होती. स्क्रू काढला तेव्हा खालून तांबूस भुकटी गळाली. डिकीच्या रबरातून झिरपलेले पावसाचे पाणी तेथे साचत गेले असावे. पण गंज हा नंतरचा. तारेच्या थिंबलखाली गाडीचा पांढरा रंग जसाच्या तसा होता. फक्त स्क्रूच्या आट्यांनी पत्र्याला जेवढा स्पर्श केला, तेवढ्यावरच हा अर्थ इतकी वर्षे तगून होता. ज्याने ही तार बसवली, त्याने रंग खरवडला नव्हता.

आणि तेथेच काका थांबले. तार जाजमाखालून ज्या रीतीने वळवली होती, दर वीतभर अंतरावर मेणाच्या दोऱ्याची जी दुहेरी गाठ मारली होती, ती त्यांच्या ओळखीची होती. अशी गाठ आता कोणी मारत नाही. सर्वजण प्लॅस्टिकची पट्टी आवळतात. ती त्यांचीच गाठ होती.

चालकाने ही गाडी २०२१ साली दुसऱ्याकडून विकत घेतली होती. पेटी आधीच्या मालकाने बसवून घेतलेली. कोठे, हे याला ठाऊक नव्हते. मुलगा तेव्हा दुकानात कामाला नव्हता. मेणाच्या दोऱ्याची साक्ष वाचू शकणारा त्या बोळात एकच माणूस होता. पॉलिश-पेपरने पत्रा घासावा, नवे थिंबल बसवावे, पैसे घ्यावेत, एवढ्याने काम पूर्ण झाले असते. कोणी काही विचारले नसते, आणि न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणे याला खोटे बोलणे असेही कोणी म्हटले नसते. मीटर १२.६च दाखवत राहिले असते.

‘‘हे काम माझ्याच हातचं आहे,’’ काका म्हणाले. ‘‘रंग खरवडायला पाहिजे होता. खरवडला नाही.’’

चालकाला या वाक्याचे वजन कळले नाही. ‘‘अहो, तीन पावसाळे वाजला की काका!’’

‘‘वाजला, म्हणून बरोबर होता असं नाही.’’

मग त्यांनी स्वतः खाली बसून पत्रा हातभर जागेत स्वच्छ केला. रुपेरी धातू दिसेपर्यंत घासला. जुने टोक कापून नवे थिंबल डाख देऊन बसवले. स्क्रूऐवजी आरपार बोल्ट, त्याखाली दातेरी वॉशर, मागून नट, आणि सारे आवळून झाल्यावर पाणी लागू नये म्हणून वरून ग्रीसचा हात. काळा पडलेला रेझिस्टर बदलला. तशा रेझिस्टरांची मूठ चहाच्या किमतीत येते. पुन्हा बल्ब जोडला, तो झगझगीत पेटला. पेटी बसवली, रेडिओ लावला, हिरवा ठिपका उजळला. चालकाने पैसे विचारले. काकांनी मान हलवली. त्याने आग्रह केला, तेव्हा त्यांनी कोपऱ्यावरच्या चहावर तडजोड केली.

त्याच वर्षीच्या जुलैत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर एक समिती नेमली होती आणि विचारासाठी निवडलेल्या क्षेत्रांत मोटारींचाही समावेश होता. वस्तू विकणाऱ्याने तिची माहिती आणि सुटे भाग उपलब्ध करून द्यावेत, ती फेकून नवी घेण्यास ग्राहकाला भाग पाडू नये, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. परंतु हक्काने दार उघडले तरी आत जाऊन बसणारा कोणीतरी लागतो. दुरुस्तीला सुट्या भागांइतकीच आणखी एक गोष्ट लागते: चूक कोठे आहे हे शोधताना ती आपल्याकडेही निघू शकते, ही शक्यता अखेरपर्यंत उघडी ठेवण्याची तयारी. नवी वस्तू विकणाऱ्याला तिची गरज पडत नाही. जुनी वस्तू बदलून टाकली की तिच्याबरोबर तिच्यातला दोष, त्याचे कारण आणि त्या कारणाचा कर्ता हे सारेच भंगारात जातात, आणि तोच दोष नव्या पेटीची वाट पाहत डिकीतल्या जाजमाखाली बसून राहतो. त्या चालकाने नवा ॲम्प्लिफायर घेतला असता, तर तोही त्याच स्क्रूवर मुका झाला असता.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर काकांनी जुन्या वह्या काढल्या. गाडीचा क्रमांक लवकरच सापडला. नोंद ७ ऑक्टोबर २०१९ची होती, दसऱ्याच्या आदल्या दिवसाची. त्या सणाला नव्या गाड्या निघतात, जुन्यांना नवे साज चढतात. सर्वांनाच सकाळच्या मुहूर्तापूर्वी काम हवे असते. काकांना तो दिवस आठवला नाही. आठवण्यासारखे त्यात काही घडले नसावे. एक दिवा, एक वाकलेली पाठ, बाहेर उभी असलेली घाईची माणसे, आणि ‘एवढ्यापुरते चालेल’ असा, मनात उमटला न उमटला तोच विरून गेलेला एक विचार.

त्या पानावर आणखी तीन गाड्या होत्या. प्रत्येकीपुढे मालकाचा फोन नंबर होता.

मुलगा शटर ओढण्यासाठी आकडी घेऊन उभा राहिला होता. काकांनी त्याला थांबायला सांगितले, चष्मा पुसला आणि पहिला नंबर फिरवला. तो अस्तित्वात नव्हता. दुसऱ्याने गाडी विकून टाकल्याचे सांगितले. कोणाला विकली, हे काकांनी विचारून वहीत लिहून घेतले. तिसऱ्या नंबरावर बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग एका बाईचा आवाज आला. गाडीत गाणी व्यवस्थित वाजतात, काही तक्रार नाही, असे ती म्हणाली.

‘‘वाजत असतील ताई,’’ काका म्हणाले, ‘‘तरीही एकदा घेऊन या. बघायचंय. पैसे लागायचे नाहीत.’’